हळद लाल होऊ नये म्हणून

सकाळी साडेसहाची मालवण-कुडाळ एसटी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरत नाही. एप्रिलात विहिरींचे तळ दिसतात. म्हणून कारखान्याचं पाणी एकदा वापरून सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही.

आठ. निकेल प्लेटिंगच्या बाथमध्ये लिटरला ३० ते ४५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड असतं, कॅरमवर टाकतो तीच पावडर. धुण्याच्या पाण्याबरोबर ती माझ्या सांडपाण्याच्या टाकीत येते. कॉस्टिक घालून पीएच १० पर्यंत नेला की निकेलचा हिरवा गाळ खाली बसतो. बोरिक अ‍ॅसिडमधलं बोरॉन बसत नाही.

दहा. आरओ सुरू. साध्या पीएचला बोरिक अ‍ॅसिडवर विद्युतभार नसतो, ते पडद्यातून निसटतं. पीएच १० च्या वर ठेवला की भार येतो आणि बरंचसं अडतं. उरलेलं धरायला खास बोरॉनचं रेझिन.

अकरा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीतच घ्यायचा, कारण प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेतूनच बोरॉन पाण्यात उतरू शकतं. बशीत १ मिलिलिटर पाणी, ४ मिलिलिटर कर्क्युमिनचं द्रावण, म्हणजे हळदीतलाच पिवळा रंग. ५५ अंशांच्या वॉटर बाथवर ८० मिनिटं. बशी सुकते, आणि बोरॉन असेल तर तळाशी कुंकवासारखा लाल थर उरतो.

"काका, पाणी तर नितळ दिसता, मगे कित्याक थांबाचा?" नवा पोरगा विचारतो. मी त्याला बशी दाखवतो. थर चांगलाच लाल. अल्कोहोलमध्ये विरघळवून मोजलं: लिटरला १.६ मिलिग्रॅम. रेझिन भरलंय. हे पाणी बागेला जातं, तिकडचा व्हॉल्व्ह बंद.

दुपार रेझिन धुण्यात जाते. आधी अ‍ॅसिड, मग पाणी, मग कॉस्टिक, पुन्हा पाणी. बोरॉन घेऊन आलेलं अ‍ॅसिड बाष्पीभवनाच्या टाकीत जातं. ते नाल्यात सोडलं तर एवढं सगळं केलं कशाला?

साडेपाच. दुसरी बशी जेमतेम केशरी, ०.३. व्हॉल्व्ह उघडला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाच्या पाण्यात २ मिलिग्रॅमपर्यंत बोरॉन चालतं, म्हणजे सकाळचं पाणीही कागदावर पास होतं. पण लिंबाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर सोसत नाही, आणि आमच्या कुंपणाला लिंबंच आहेत. कारखान्याचं पाणी झाडांना देणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करून घ्यावी. पानांची टोकं करपायची वाट पाहू नये.