उसवता येतं ते, आणि येत नाही ते

माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी एक चौकोन विणायला लावते. साधारण १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा. विणून झाला की तो कोमट पाण्यात भिजवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सपाट वाळवायचा आणि मगच त्याला पट्टी लावायची. "मावशी, एवढ्या वेळात माझ्या स्वेटरचा काठ झाला असता," हे वाक्य ठरलेलं. काठ झाला असता हे खरंच. तो अंगाला बसला असता का, हे मात्र त्या चौकोनाशिवाय कुणी सांगू शकत नाही.

हिशेबच करून बघा. पॅटर्नमध्ये १० सेंटिमीटरला २२ टाके दिलेत आणि छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवाय, म्हणजे १९८ टाके घालायचे. तुमचा हात जरा सैल असला आणि १० सेंटिमीटरमध्ये तुमचे २० टाकेच बसत असले, तर तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर भरतात. फरक दोन टाक्यांचा, आणि स्वेटर नऊ सेंटिमीटरनं ढगळ. माप घ्यायचं ते चौकोनाच्या मधोमध, कारण कडेचे टाके ओढले जातात. आणि घ्यायचं धुतल्यावरच, कारण पाण्यात लोकर सैलावते, फुलते. स्वेटर पुढे कितीतरी वेळा धुतला जाणार. त्याचा नमुना कोरडा ठेवून मोजण्यात काही अर्थ नाही.

सुईच्या नंबरावर भिस्त ठेवू नये, हेही हा चौकोनच शिकवतो. आपल्या बाजारातल्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी विकल्या जातात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. तिकडच्या लेकी-सुना, भाच्या हौसेनं पॅटर्न पाठवतात, तेव्हा नुसता नंबर वाचून टाके घालू नका, मिलिमीटर विचारा. शिवाय एकच सुई, एकच लोकर दोघींच्या हातात दिली तरी टाके सारखे पडत नाहीत. बांबूच्या सुईवर लोकर अडते, ॲल्युमिनियमवर सरकते, तेवढ्यानंही माप हलतं.

नमुना वाया जातो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एलिझाबेथ झिमरमन यांचा तोडगा आहे. जन्मानं इंग्रज असलेल्या झिमरमनबाई (१९१०–१९९९) अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाल्या. 'निटिंग विदाउट टीअर्स' हे त्यांचं पुस्तक १९७१ साली आलं आणि पॅटर्नवर हुकूम म्हणून विसंबणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतःच्या हिशेबानं विणायला लावलं. त्यांचं म्हणणं, नमुना म्हणून टोपीच विणा. गोल सुईवर विणायच्या स्वेटरचं माप गोल विणूनच कळतं, कारण सपाट विणताना मधे उलट टाक्यांच्या ओळी येतात आणि बहुतेकींचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो. शिवाय टोपी कुणाच्या तरी डोक्यावर जातेच. छातीचे टाके शंभर टक्के धरून बाकीची मापं त्यावरून काढायची त्यांची रीत तर फारच सोपी. मनगटाला साधारण २० टक्के, गळ्याला ४०. म्हणजे २०० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ४० टाके. ही रीत मी कायम मानते, कारण तिच्यात विणणारीला स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

विणकामात एवढं धाडस करता येतं, कारण विणलेलं उसवता येतं. एकच अखंड धागा असतो, ओढला की सुटतो. उसवलेली लोकर कुरळी होते, पण लडी करून धुतली आणि न ताणता वाळवली की पुन्हा सरळ. जाळीचं अवघड डिझाइन सुरू करण्याआधी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून दाभणानं वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवावा. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, त्याच्या खाली एक टाकाही निसटत नाही. हा दोरा असला की नवशिकी मुलगीही न घाबरता जाळी विणायला बसते.

लोकर जमवायच्या कामात, म्हणजे फेल्टिंगमध्ये, असा कुठलाच दोरा नाही. जमलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर टोकाच्या दिशेनं झुकलेले सूक्ष्म खवले असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेनं सहज सरकतो, उलट सरकताना अडतो. गरम साबणाच्या पाण्यात तो फुगतो, लवचीक होतो. त्यात चोळलं की तंतू एकाच दिशेनं पुढेपुढे सरकत एकमेकांत गुंततात, आणि मागे यायची वाट बंद होते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळला की आखडून बाहुलीच्या मापाचा होतो, तो याच कारणानं. काश्मीरचा नमदा असाच जमवतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत अंथरायला बुरणूस असायचा, तोही न विणता, लोकर दाबून जमवलेला.

म्हणून इथे आधी ओळखायचं, की हातात आहे ती लोकर आहे का. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, आणि ॲक्रिलिक दिवसभर चोळलं तरी जमणार नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून टोकाशी कडक काळा मणी होतो. यातही एक फसगत आहे: लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलेली लोकर खरीच असते, जळण्याच्या परीक्षेत उतरते, पण तिचे खवले क्लोरिननं घासून वर राळेसारखा पातळ थर चढवलेला असतो. ती मशीनमध्ये धुवायला उत्तम, जमवायला निरुपयोगी.

मग २० सेंटिमीटरचा चौकोन मांडायचा. पिंजलेल्या लोकरीचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, वर मच्छरदाणीची जाळी, त्यावर साबणाचं गरम पाणी. आधी हात हलका ठेवायचा. सुरुवातीलाच जोरात चोळलं तर थर सरकतात आणि घड्या पडून तशाच जमतात. जाळी अधूनमधून उचलत राहायची, नाहीतर तंतू तिच्यातूनही वर येऊन बसतात. पृष्ठभाग चिमटीत धरून उचलला आणि सुटे तंतू न येता सगळा तुकडा उचलला गेला, की गुंडाळी करून लाटायला घ्यायचा. लाटाल त्या दिशेनं तो जास्त आटतो, म्हणून दर थोड्या वेळानं पाव फेरा फिरवायचा. समजा, २० चा चौकोन शेवटी १३ सेंटिमीटर झाला, तर २६ सेंटिमीटर रुंदीच्या पर्ससाठी ४० सेंटिमीटर मांडणी हवी. हा आकडा त्या लोकरीपुरता, त्या जाडीपुरता आणि तुमच्या हातापुरताच खरा. थर पातळ केला की आटणं बदलतं. तुकड्याला चिठ्ठी टाचून ठेवावी: लोकर कुठली, वजन किती, मांडताना माप किती, आटून किती.

दागिन्यांची तार या दोन्हींपेक्षा निराळी. वाकवलेली तार परत सरळ करता येते, पण आधीसारखी राहत नाही. वाकताना धातूच्या आतले थर एकमेकांवरून सरकतात, सरकता सरकता अडकतात आणि तार कडक होत जाते. त्याच जागी पुन:पुन्हा वाकवली की तुटते. तांब्याची उघडी तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवली की पुन्हा मऊ पडते. रंगीत मुलामा दिलेल्या तारेला मात्र आच दाखवू नये, मुलामा जळून धूर होतो. चांदीला हात घालण्याआधी तांब्यावर सराव करायचा तो पैसे वाचवायला, आणि कुठल्या वळणाला तार कुरकुरते ते बोटांना कळावं म्हणूनही. तारेच्या गेजमध्येही सुयांसारखीच गंमत आहे. २० गेजची तार ब्रिटिश मापानं ०.९१ मिलिमीटर, अमेरिकन मापानं ०.८१. बारीक भोकाच्या मोत्याला एवढा फरक पुरतो, एक तार आत जाते, दुसरी अडते. नथीसाठी मोती घ्यायला निघालात तर तारेचा तुकडा बरोबर न्या आणि दुकानातच ओवून बघा.

खरी परीक्षा कानातल्यांच्या जोडीची. एक सुरेख होतं आणि दुसरं त्याच्यासारखं होता होत नाही. म्हणून तारेचे दोन्ही तुकडे आधीच सारखे कापावेत आणि प्रत्येक वळण दोन्हींना लागोपाठ द्यावं. सारख्या कड्या हव्या असतील तर ८ नंबरच्या विणायच्या सुईवर तार गुंडाळून कापाव्यात, जवळजवळ ४ मिलिमीटरच्या निघतात. कडी उघडताना तोंडं फाकवायची नाहीत, एक पुढे, एक मागे सरकवायची. फाकवलेली कडी पुन्हा गोल बसत नाही.

सध्या माझ्या टेबलावर दख्खनी मेंढीच्या लोकरीचे तुकडे पडलेत. घोंगडीची ती जाड, केसाळ लोकर. एकटी जमवायला फार वेळ घेते आणि कडेचे तंतू निसटत राहतात. निम्मी मेरिनो मिसळली तर तुकडा घट्ट होतो, पर्सचा आकार धरतो, पण आतून हाताला टोचतो. पुढच्या चौकोनात मिसळण करायची नाही, मेरिनोचा पातळ थर फक्त आतल्या बाजूला द्यायचा, असं ठरवलंय. मेरिनो आधी जमते आणि जास्त आटते, त्यामुळे तुकडा आतल्या बाजूला वळेल अशी मला शंका आहे. पर्सला ते वळणं सोयीचंही पडेल. किती वळतो ते धुऊन, वाळवून मोजायचं आहे.