इंजिनाला बंदी असलेली खाडी

कोकणातल्या मुलांना कालवं म्हणजे काय ते सांगायला नको. ओहोटी लागली की खडकांवर बसून कालवं फोडणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या असतात. घाटावरच्या दोस्तांसाठी सांगतो. दोन शिंपल्यांच्या पेटीत राहणारा, खडकाला नाहीतर दुसऱ्या शिंपल्याला घट्ट चिकटून बसणारा मऊ जीव म्हणजे कालव.

आता नकाशा काढा बरं. इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल सापडेल. तिथे फाल नदीच्या खाडीत तळाशी कालवं आपोआप वाढतात, त्यांची कोणी शेती करत नाही. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात कोळी ती गोळा करतात. पण कशी? शिडाच्या नाहीतर वल्ह्याच्या होडीतून! कालवं ओढताना इंजिन वापरायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. काही होड्या तर शंभर वर्षांहून जुन्या आहेत.

लोखंडी चौकटीला जाळीची पिशवी लावलेली असते, तिला ड्रेज म्हणतात. ती तळावरून ओढायची. लहान होडीत तर कसरतच! नांगर टाकायचा, दोर सोडत मागे जायचं, ड्रेज टाकायचं आणि हाताने रहाट फिरवत होडी पुन्हा नांगरापर्यंत खेचत आणायची. जानेवारीच्या थंडीत हे दिवसभर करून बघा!

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? इंजिन लावलं की काम झटपट होईल की! चला, एक गणित करू. आकडे आपल्या मनाचे हं.

समजा, खाडीत या वर्षी ३ लाख मोठी कालवं आहेत आणि १० होड्या आहेत. शिडाची होडी दिवसाला ३०० कालवं काढते. म्हणजे सगळ्यांची मिळून ३,०००. हंगाम १०० दिवस चालेल. आता एकाने इंजिन बसवलं आणि तो ९०० काढू लागला. बाकीचे गप्प बसतील? तेही कर्ज काढून इंजिन घेतील. मग रोज ९,००० निघतील आणि ३३ दिवसांत खाडी रिकामी! प्रत्येकाच्या वाट्याला कालवं तेवढीच आली, वर डिझेलचा खर्च आणि कर्जाचे हप्ते. शिवाय सगळा माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो, ते वेगळंच.

ही नुसती कल्पना नाही. स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या खाडीतून एके काळी वर्षाला सुमारे ३ कोटी कालवं निघत. विसावं शतक उजाडेपर्यंत तिथला धंदा जवळजवळ बुडालाच होता.

फालच्या खाडीत आणखीही नियम आहेत. काम सकाळी ९ ते दुपारी ३, शनिवारी १ पर्यंत, रविवारी सुट्टी. (शाळेसारखंच की नाही?) प्रत्येकाजवळ सुमारे ६७ मिलिमीटरचं कडं असतं. त्यातून आरपार गेलेलं कालव लहान समजायचं आणि परत पाण्यात सोडायचं. उन्हाळ्यात कालवांची वीण होते, म्हणून तेव्हा धंदा बंद. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी थांबते, तसंच हे.

पण नियम पाळले म्हणून सगळं छान चालतं असं नाही. १९८२ साली बोनामिया नावाच्या परजीवीने या खाडीतली कालवं धडाधड मेली. माणसाला त्याचा काही अपाय नाही, पण कोळ्यांचं उत्पन्न बुडालं. शिवाय शेतात वाढवलेली पॅसिफिक जातीची कालवं लवकर मोठी होतात आणि स्वस्तही पडतात. फालच्या कालवाला मोठं व्हायला तीन-चार वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. भाव जास्त मिळतो खरा, पण तो मिळवायला पाठ मोडते. घरातल्या मोठ्यांना विचारा, असा धंदा ते मुलांना करू देतील का?

आणि हो, होडीत आलेले रिकामे शिंपलेही हे कोळी फेकून देत नाहीत, तिथेच पाण्यात परत टाकतात. कालवाचं इवलंसं पिल्लू काही दिवस पोहतं आणि मग बसायला टणक जागा शोधतं. जुना शिंपला मिळाला की तिथेच चिकटून राहतं. कड्यातून आरपार जाणार नाही एवढं होईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच!