‘नाहीतर दत्तक आहेच’

आयव्हीएफची दोन-तीन सायकल फसली की पुण्यातल्या घरांतून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘नाहीतर दत्तक आहेच’. दुसरं, ‘पैसे असतील तर सरोगसी करता येते’. दोन्ही वाक्यं धीर द्यायला बोललेली असतात आणि दोन्ही चुकीची आहेत. मूल मिळणं ही इच्छुक आईबापांच्या तयारीची आणि ऐपतीची बाब आहे, असं त्यांत गृहीत धरलेलं असतं. आपले कायदे मात्र उलट्या बाजूने लिहिले गेले आहेत. दत्तकाचे नियम आधी मुलाचं हित बघतात. सरोगसीचे नियम आधी गर्भ वाढवणाऱ्या बाईचा बाजार होऊ नये हे बघतात. इच्छुक जोडपं दोन्हीकडे अर्जदार असतं, हक्कदार नसतं. एवढं ध्यानात घेतलं की या विषयातले बहुतेक गैरसमज सुटतात.

‘अनाथाश्रम मुलांनी भरलेत, मग तीन-तीन वर्षं वेटिंग कशाला?’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर पाहता बिनतोडही वाटतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांहून अधिक आहेत. २०२४-२५ या वर्षात देशविदेशांत मिळून दत्तक गेलेली मुलं होती ४,५१५, आणि हाही आधीच्या दशकभरातला उच्चांक होता. संस्थेत राहणारं प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगं नसतं, हे या तफावतीचं मोठं कारण आहे. कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं यांमुळे मूल तिथे आलेलं असतं. बाल कल्याण समितीने ‘कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवल्याशिवाय कोणतंही मूल दत्तक देता येत नाही. टाकून दिलेल्या बाळाच्या बाबतीत नातेवाइकांचा शोध घेऊन हा निर्णय दोन वर्षांखालील मुलासाठी दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांत घ्यायचा असतो. स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. हे ६० दिवस वाट पाहणाऱ्या जोडप्याला जाचक वाटतात, पण एखाद्या घाबरलेल्या मुलीच्या बाजूने कायद्याने ठेवलेली तेवढीच सवलत आहे. समित्यांची कागदपत्रं वेळेत हलत नाहीत ही तक्रार खरी आहे, आणि तिच्याबद्दल सरकारला धारेवर धरलंच पाहिजे. मात्र चौकशी गाळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शिवाय रांग लांबते ती मुख्यतः तान्ह्या, निरोगी बाळासाठी. मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या आणि विशेष गरजा असलेली मुलं यांना घर मिळणं अवघड जातं.

या रांगेला कंटाळूनच ‘परस्पर’ व्यवहार होतात: नर्सिंग होममधून बाळ, नोटरीचा शिक्का मारलेला स्टँप पेपर, आणि काम झालं. हे दत्तक नव्हे. ओळखीच्या किंवा नात्यातल्या हिंदू कुटुंबांत १९५६च्या कायद्यानुसार आईवडिलांनी मूल देणं आणि घेणं वैध आहे, ही गोष्ट वेगळी. अनाथ, टाकलेलं किंवा सोपवलेलं मूल प्रक्रियेबाहेर दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

‘परक्या रक्ताचं मूल, त्याला वारसा कसा?’ हा प्रश्न निदान पुण्यात तरी पडू नये. १८६३मध्ये इथेच बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना मूल नव्हतं. त्यांनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला मानला, शिकवून डॉक्टर केला, आणि १८८७मध्ये जोतीरावांनी इच्छापत्रात त्याला वारस नेमलं. आज त्यासाठी इच्छापत्राची गरज नाही. दत्तक झाल्यापासून मूल कायद्याने त्या आईबापांचं होतं, वारसाहक्कासकट. आणि वैध हिंदू दत्तक पुढे रद्द करता येत नाही. जात, गोत्र, पत्रिका यांची चौकशी करणाऱ्यांचा पिंड अजून वंशाचा दिवा शोधणाऱ्या जुन्या दत्तकाचा असतो. मुलाला कळू द्यायचं नाही हा हट्टही तिथलाच. कधीतरी शेजारीण सांगणार, त्यापेक्षा आईने लहानपणापासून सांगितलेलं केव्हाही बरं.

सरोगसीबद्दलचे समज तर कायदा येण्याआधीच्या काळातले आहेत. २५ जानेवारी २०२२पासून व्यापारी सरोगसी बंद आहे. सरोगेट आईला वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमात बसणारा खर्च देता येतो, मोबदला नाही. व्यापारी सरोगसी करवून घेणाऱ्या जोडप्यालाही पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘करिअरमुळे सवड नाही’ हे कारण चालत नाही. गर्भाशय नसणं, वारंवार गर्भपात, आयव्हीएफ पुन्हा पुन्हा फसणं, गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार, अशी वैद्यकीय निकड लागते. पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचा हवा. सरोगेट जवळची नातेवाईकच हवी, हा समज आधीच्या विधेयकातून आलेला. कायद्यात राजीखुशीने तयार झालेली २५ ते ३५ वयाची, स्वतःचं मूल असलेली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री चालते, आणि तीही आयुष्यात एकदाच. ती स्वतःचं स्त्रीबीज देऊ शकत नाही. जोडप्याला दात्याचं बीज मुळीच चालत नाही, हेही आता खरं नाही: फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनंतर दोघांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असेल तर जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर एक बीज दात्याचं घेता येतं.

डॉक्टर, क्लिनिक, वकील सगळे फी घेणार आणि नऊ महिने पोटात मूल वाढवणारीनेच फुकट राबायचं, हा कसला न्याय, असं कुणी विचारलं तर कायद्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नाही. पण गरिबीपायी दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणायचं का, याचं उत्तर बाजाराकडेही नाही. तोवर पाकिटातून दिलेले पैसे हा गुन्हाच.

राहता राहिलं ‘दत्तक घेतलं की स्वतःचंही मूल होतं’. अशी उदाहरणं लक्षात राहतात, कारण ती सांगितली जातात. दत्तक न घेताही उपचार थांबवल्यावर काहींना दिवस जातात, त्यांची गोष्ट होत नाही. अभ्यासांतून दत्तकामुळे गर्भधारणा वाढल्याचं दिसलेलं नाही. आणि दुसऱ्या बाळासाठी पायगुण लागेल म्हणून कुणी मूल घरात आणू नये.

दत्तकाचा विचार असेल तर वयाकडे लक्ष ठेवा: दोन वर्षांखालच्या बाळासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज नोंदणीच्या दिवशी ८५च्या आत लागते. नोंदणी काराच्या पोर्टलवर स्वतःच करायची असते. शंका असतील तर पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातलं ‘सोफोश’चं श्रीवत्स आणि भारतीय समाज सेवा केंद्र या दत्तकाच्या कामातल्या जुन्या संस्था आहेत. रांगेत पुढे नेतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका, पोलिसांना कळवा.