विश्लेषण : मित्रांसह कॅम्पर व्हॅन वाळवंटात नेताय? वाळूत गाडी का रुतते, दुसरी गाडी का लागते?

चार-पाच मित्र, आत पलंग आणि ओटा असलेली कॅम्पर व्हॅन, समोर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या आणि वर ताऱ्यांनी भरलेले आकाश. समाजमाध्यमांवरील चित्रफितींत ही सहल फार सोपी दिसते. प्रत्यक्षात डांबरी रस्ता सोडल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच व्हॅन वाळूत बसू शकते. घर सोबत आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा समज अशा सहलीत सर्वाधिक महागात पडतो. कारण जे सामान व्हॅनला घर बनवते, तेच तिला वाळूत रुतवते. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, याविषयी...

कॅम्पर व्हॅन वाळूसाठी बनलेली असते का?

बहुतेक वेळा नाही. भारतातील अनेक कॅम्पर व्हॅन मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. त्यांत इंजिनाची ताकद केवळ मागच्या दोन चाकांना मिळते. त्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस सिलिंडर आणि छतावरची सौर पॅनेल चढतात. वजन तर वाढतेच, शिवाय त्याचा बराचसा भाग उंचावर जातो. त्यामुळे उतारावर आडवी नेल्यास अशी व्हॅन साध्या जीपपेक्षा लवकर कलंडते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या पिकअपवर बांधलेला कॅम्पर वाळूत अधिक तग धरतो, पण वजनाचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. गाडीचे कमाल एकूण वजन किती असावे, हे आरसीवर नोंदलेले असते. निघण्यापूर्वी सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर उभी केली, तर हिशेब लगेच कळतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मात्र, ते अशा गाड्या आणि त्यांच्या अधिकृत थांब्यांविषयी आहे. वाट सोडून गाडी हाकण्याचा विचार त्यामागे नाही.

वाळूत गाडी का रुतते?

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. केवळ घर्षणाने ते जागेवर टिकतात. चाकाचा दाब वाढला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. त्यापुढे ढीग तयार होतो. मग चाक पुढे जाण्यासाठी चढ चढत असते, पण तो चढ प्रत्येक फेऱ्याला आणखी उंच होतो. अशा वेळी चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो आणि चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणते. काही सेकंदांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. एकदा पोट टेकले की चाकांवरचा भार कमी होतो आणि पकड संपते. दिवसाच्या वेळेचाही यात वाटा असतो. पहाटेच्या गारव्यात आणि दवात वाळू थोडी घट्ट असते, दुपारी ती कोरडी आणि भुसभुशीत होते. टेकडीची वाऱ्याकडील बाजू तुलनेने सपाट आणि दबलेली असते, तर पलीकडची बाजू साधारण ३४ अंशांची, सैल आणि फसवी असते. माथ्यापलीकडे काय आहे, हे पायी जाऊन पाहिल्याशिवाय गाडी वर नेऊ नये, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

टायरमधील हवा कमी का करायची?

टायर जमिनीवर जितका दाब देतो, तो ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. हवा निम्मी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो आणि तेच वजन जवळपास दुप्पट जागेवर वाटले जाते. त्यामुळे चाक वाळू कापत नाही, तिच्यावरून सरकते. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय हवा असलेल्या एसयूव्हीसाठी वाळूत १५ ते १८ पीएसआय इतका दाब सहसा ठेवला जातो. जड व्हॅनच्या टायरमध्ये मुळातच जास्त हवा असते. त्यामुळे तिचा आकडा वेगळा असतो आणि तो वजन पाहूनच ठरवावा लागतो. कमी हवेवर वेगाने गाडी पळवली किंवा झटक्यात वळवली, तर टायर रिमवरून निघू शकतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे भाग असते, अन्यथा टायर तापून फुटण्याचा धोका असतो. म्हणून दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हे सामान ओट्याच्या आधी यादीत यायला हवे.

हे तंत्र आले कुठून?

त्यामागेही मित्रांच्या सहलीच आहेत. १९२०च्या दशकात राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. रजेच्या दिवसांत तो आणि त्याचे सहकारी मित्र स्वखर्चाने फोर्डच्या ‘मॉडेल टी’ आणि पुढे ‘मॉडेल ए’ मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत. टायरमधील हवा कमी करणे, चाकाखाली पोलादी पट्ट्या टाकणे, रेडिएटरमधून निघणारी वाफ पकडून तिचे पुन्हा पाणी करणे आणि लोखंडी गाडीत बिघडणाऱ्या होकायंत्राऐवजी सूर्याच्या सावलीवर दिशा ठरवणे, या युक्त्या त्यांनी अनुभवातून पक्क्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४०मध्ये बॅगनॉल्डने याच अनुभवावर ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही तुकडी उभारली. वाऱ्याने वाळू कशी वाहते, यावरचे त्याचे १९४१ सालचे पुस्तक आजही अभ्यासले जाते. मंगळावरील एका वालुकाक्षेत्राला त्याचे नाव आहे.

पाणी किती न्यायचे?

कष्टाच्या दिवशी एका माणसाला पिण्यासाठीच पाच लिटर आणि स्वयंपाक, हात-तोंड धुणे धरून दहा लिटर पाणी लागेल, असा हिशेब धरला तर पाच मित्रांना तीन दिवसांसाठी दीडशे लिटर पाणी हवे. म्हणजे दीडशे किलो वजन. दोन धडधाकट माणसे जादा बसवल्यासारखेच ते आहे. वाळवंटातील कॅम्परची खरी अडचण ही आहे : पाणी कमी केले तर जिवाला धोका, वाढवले तर गाडी रुतते. उपाय म्हणजे पाण्यात कपात न करता बाकीचे सामान कमी करणे. सगळे पाणी एकाच टाकीत न ठेवता काही कॅनमध्ये ठेवावे. टाकी फुटली तरी पिण्यापुरते उरते. गावातील टांके आणि बेऱ्या म्हणजे तिथल्या लोकांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी. व्हॅनची टाकी भरण्यासाठी ते नाही.

रुतल्यावर काय करावे?

चाक फिरू लागले की पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटर सोडणे. मग सर्वांनी उतरून वजन कमी करावे, हवा आणखी थोडी काढावी, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने उपसावी आणि चाकाखाली पट्ट्या सरकवाव्यात. शक्य असल्यास आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे, कारण ती वाळू एकदा दबलेली असते. दुसऱ्या गाडीने ओढताना दोर केवळ सांगाड्यावरील मजबूत हुकालाच अडकवावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर बांधला आणि तो तुटला, तर तो गोळ्यासह गोळीसारखा सुटतो. ओढताना बाकीच्यांनी दूर उभे राहावे. जैसलमेर भागात शेवटी गावातला ट्रॅक्टरच कामी येतो. त्यामुळे जवळच्या गावातील एखाद्याचा क्रमांक आधीच घेतलेला बरा.

दुसरी गाडी का हवी?

जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. २०११च्या जनगणनेनुसार तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १७ माणसे राहतात. रस्त्यापासून दूर गेल्यावर मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. इतर देशांत वाळवंटात जाणारे उपग्रह फोन नेतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीविना तो वापरता येत नाही. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर तर बंदीच आहे. सीमावर्ती जिल्ह्यात असा फोन सापडल्यास पोलीस कारवाई होते. त्यामुळे मित्रांची दुसरी गाडी हीच खरी मदत ठरते. तिच्यात निम्मे पाणी आणि निम्मी अवजारे असावीत. दोन गाड्यांत बोलण्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्याविना वापरता येतात. एवढे करूनही चुकामूक झालीच, तर गाडी सोडून चालत निघू नये. गाडी सावली देते आणि वरून ती माणसापेक्षा लवकर दिसते. जानेवारी १९८२मध्ये पॅरिस-डकार शर्यतीत मार्गारेट थॅचर यांचे चिरंजीव मार्क आणि त्यांचे दोन साथीदार सहारात सहा दिवस बेपत्ता होते. मार्गापासून सुमारे ५० किलोमीटर दूर, अल्जीरियाच्या लष्करी विमानाला ते सुखरूप सापडले.

कुठेही गाडी घालता येते का?

नाही. सम आणि खुरी या परिसरातील मोठा भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या ‘डेझर्ट नॅशनल पार्क’मध्ये येतो. तिथे वन विभागाची परवानगी लागते. पाकिस्तान सीमेलगतच्या अधिसूचित भागांत बाहेरून आलेल्या भारतीयांनाही प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. निर्बंधांमागे सुरक्षेइतकेच आणखी एक कारण आहे. थरचा बराचसा भाग उघडी वाळू नसून सेवण गवताचा आहे. हे गवत वाळू धरून ठेवते, गुरांना चारा देते आणि माळढोकाला आसरा देते. देशात दीडशेहून कमी उरलेला हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य असूनही महाराष्ट्रातून तो जवळपास नाहीसा झाला. गवतावरून गेलेली चाकोरी आपल्याला मोकळ्या रानातील वाट वाटते, तिथे ती चराईचे आणि अंड्याचे नुकसान असते. ‘ओरण’ म्हणजे तिथल्या देवराया, त्यातही गाडी नेऊ नये.

सहल कधी आणि कशी आखावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. याच वाळवंटी पट्ट्यातील फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, हा देशातील विक्रम आहे. हिवाळ्यात उलट त्रास असतो. रात्री कडाक्याची थंडी पडते आणि व्हॅन बंद करून आत शेगडी पेटवण्याचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. शेगडी बाहेर ठेवावी आणि आत जाड रजया घ्याव्यात. जड व्हॅन कडक जमिनीवर, अधिकृत तळावर उभी करून टेकड्यांवर पायी, उंटावर किंवा स्थानिकांच्या जीपमधून गेल्यास सहलीतील आनंद कमी होत नाही. वाटेने जायचेच असेल, तर कुठे चाललो आणि कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून निघावे. निम्मे पाणी संपले की परत फिरायचे, हेही सर्वांनी निघण्यापूर्वीच ठरवावे. रुतलेल्या गाडीभोवती उभे राहून त्यावर वाद घालण्यात केवळ घाम जातो आणि तिथे घामाचाही हिशेब असतो.