गमभनच्या आधीचे शिक्षण

दोन वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थ्याला महागाईवरील एक परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगितला. त्याने तो न अडखळता वाचला. जोडाक्षरेही कोठे चुकली नाहीत. ‘यात लेखकाचे म्हणणे काय?’ असे विचारताच मात्र तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. वर्ग हसला. मला हसू आले नाही. बारा वर्षांच्या शालेय शिक्षणात या मुलाला अक्षरे भेटली होती, अर्थ भेटला नव्हता. याचा दोष त्याच्याकडे कितीसा जातो?

वाचन म्हणजे अक्षरओळख, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. देवनागरी लिपी उच्चाराला बरीचशी धरून चालत असल्यामुळे तो अधिकच पक्का झाला आहे. मुळाक्षरे आणि बाराखडी एकदा हाती आली, की मुलाला बहुतेक शब्द उच्चारता येतात. आणि उच्चारता आले म्हणजे वाचता आले, असे आपण समजतो. ग, म, भ, न हा क्रम अक्षरांच्या वळणांतील साम्यावरून ठरला. हाताची सोय त्यात पाहिली गेली. कानाचे आणि जिभेचे काय? जो शब्द मुलाने कधी ऐकला नाही, बोलण्यात वापरला नाही, तो त्याने अक्षरे जुळवून वाचला तरी त्याच्यापुरता तो केवळ एक आवाज असतो. अक्षर ही किल्ली खरी. पण कोठारात धान्यच नसेल तर किल्ली घेऊन काय करावयाचे?

हे धान्य शाळेत येण्यापूर्वीच साठू लागते. गोष्टी, कोडी, बडबडगीते, आणि ‘हे असे का?’ या प्रश्नाला मोठ्यांनी न कंटाळता दिलेले उत्तर, यांतून ते साठते. गरीब घरात भाषा नसते असे मात्र कोणी समजू नये. मेळघाटातील मूल कोरकू बोलते, डहाणूकडचे वारली, खानदेशातील अहिराणी. त्याचे भांडवल भरपूर असते. शाळेच्या बाजारात ते नाणे चालत नाही, इतकेच. पहिल्याच आठवड्यात ‘असे नाही म्हणायचे’ हे दोन-चारदा ऐकल्यावर मूल बोलेनासे होते. जे मूल वर्गात बोलत नाही ते वाचक व्हावे कसे?

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला तो प्रत्यक्षात आणून दाखविला. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. खडे, शिंपले, पाने, फुले ही तेथील साधने होती. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. केंद्र सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हे नाव देशभर गेले. नावाबरोबर गोष्ट आणि गप्पा कितपत गेल्या, हा प्रश्न आहे. पोषण आहार, वजने, लसीकरण आणि त्यांच्या नोंदी यांतून अंगणवाडी सेविकेला गोष्टीसाठी वेळ उरतो किती? आणि एवढ्या कामाला आपण वेतन न म्हणता मानधन म्हणतो!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे. २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स हेकमन यांनी आग्रहाने मांडले आहे, की एका कौशल्यावर दुसरे कौशल्य उभे राहते. म्हणून वंचित मुलांच्या बालवयात केलेल्या खर्चाचा परतावा पुढील वयातील खर्चाहून अधिक असतो. हे चक्रवाढ व्याजासारखे आहे. आणि चक्रवाढ कर्जालाही लागते. तिसरीत न समजलेला धडा सातवीत विज्ञान, इतिहास, गणित या सर्वांत थकबाकी म्हणून उभा राहतो. ‘असर’ अहवालांनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१८ साली सुमारे ५० टक्के होती. साथीनंतर २०२२ साली हे प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ साली ४९ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे भरून निघाली ती साथीची तूट. जुनी थकबाकी तशीच आहे.

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२१ साली जाहीर झालेले उद्दिष्ट योग्यच आहे. भीती आहे ती घाईची. उद्दिष्टाची तारीख जवळ आली की तक्ते भरले जातात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येते. अक्षरे शिकवूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ती पद्धतशीर शिकविलीच पाहिजेत. परंतु त्यांच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीने रोज एक गोष्ट ऐकविली जावी, मुलाने घरच्या बोलीत दिलेले उत्तर उत्तर म्हणून स्वीकारले जावे आणि शिक्षकाने त्याला प्रमाण मराठीची जोड द्यावी. याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. वेळ लागतो, आणि तो देणाऱ्या सेविकेला व शिक्षकाला कागदांतून मोकळे करावे लागते.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे तोच परिच्छेद त्याच्या गावाकडच्या बोलीत सांगावयास लावला. वेळ लागला, पण त्याने सांगितला. आणि भाववाढीने आईचा किराणा कसा घटला, हेही त्याने आपणहून जोडले. अठराव्या वर्षी जे जमले, ते सहाव्या वर्षी जमले नसते काय?