दम लागतो म्हणजे फक्त रक्त कमी, असे नाही





आपल्या केंद्राच्या कामाविषयी लिहिताना आम्ही बहुधा शिवणवर्ग, बालवाडी आणि बियाणे-वाटप यांविषयी लिहितो. या वेळी एका आजाराविषयी लिहीत आहे. त्यात आमची एक चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव भागातील एका पाड्यावर पावरा समाजातील एक तरुण सून आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. हे कुटुंब आपल्या मंडळीत येत नाही, आणि मदतीसाठी तशी अट आपण कधी घातलेलीही नाही. पहिल्या बाळंतपणाच्या चौथ्या महिन्यात तिला चढ चढताना दम लागू लागला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघाले. आमच्या भागात हे इतके सर्रास आढळते की मी पुढे विचारच केला नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, शेवग्याची भाजी खायला सांगितली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि परत आले. असे दोन महिने गेले.

भाद्रपदात एका संध्याकाळी तिच्या सासूने मला अडवले. म्हणाली, "ताई, ही रातभर भिंतीला टेकून बसते. आडवी पडली की दम कोंडतो. गोळीनं काय फरक नाय."

रक्त कमी असलेल्या माणसाला चालताना दम लागतो. पण आडवे पडल्यावर दम कोंडणे आणि उठून बसल्यावर बरे वाटणे, ही खूण फुफ्फुसात पाणी साचत असल्याची असू शकते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा हृदयात असते. हे मी त्या दिवशी शिकले. दुसऱ्या दिवशी चार माणसांनी तिला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणले. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि एवढेच म्हणाले, "आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या."

घशापासून हृदयापर्यंत

शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न तिच्या लहानपणाविषयी विचारला. "दहा-बारा वर्षांची असताना सांधे सुजले होते का? आधी गुडघा, तो उतरला की घोटा, मग कोपर, असं?" ती आश्चर्याने बघतच राहिली. आश्रमशाळेत असताना अगदी तसेच झाले होते. तेव्हा सिकलसेलची तपासणी झाली, ती नीट आली, आणि सांधे आपोआप बरे झाल्यावर सगळे विसरले.

आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे आणि त्यातही सांधे दुखतात. म्हणून हा दुसरा आजार त्याच्या आड लपून राहतो. त्याचे नाव संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. म्हाताऱ्या माणसांच्या संधिवाताशी त्याचा संबंध नाही. तो बहुधा ५ ते १५ या वयात होतो. सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक जंतू घशात वाढतो. शरीर त्याच्याशी लढायला जी शस्त्रे तयार करते, ती काही मुलांमध्ये आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतात, आणि असा ताप पुन्हा पुन्हा आला की ते व्रण वाढत जातात. दाट वस्ती, एका खोलीत झोपणारी अनेक मुले आणि दवाखाना लांब, अशा ठिकाणी हा आजार टिकून राहतो. म्हणून याला गरिबीचा आजार म्हणतात.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी झडप असते तिला मायट्रल झडप म्हणतात. बिशपसाहेब विशेष उपासनेच्या वेळी जी दोन टोकांची उंच टोपी घालतात, तिला मायटर म्हणतात. या झडपेला दोन पाकळ्या असतात आणि तिचा आकार त्या टोपीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. निरोगी माणसात ही झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. व्रणांमुळे पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटल्या की वाट अरुंद होते. आपल्या या मुलीची वाट ०.८ उरली होती.

मग इतकी वर्षे तिने शेतात काम कसे केले? कारण शरीर सवय लावून घेते. पण गरोदरपणात अंगातले रक्त जवळपास दीडपट होते आणि नाडीही वाढते. रस्ता तोच, गर्दी दीडपट. रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसात पाणी उतरते. आम्ही देत होतो त्या लोहाच्या गोळ्यांनी ती वाट रुंद होणार नव्हती.

तपासण्यांची भीती

पाड्यावरच्या माणसाला आजारापेक्षा यंत्राची भीती जास्त वाटते. म्हणून तपासणीच्या आधी काय होणार हे समजावून सांगणे, हे आमच्यासारख्यांचे काम असते. तेच तुम्हालाही सांगते. तुमच्या घरीही उपयोगी पडेल.

पहिली तपासणी ईसीजी. हातापायांना चार आणि छातीवर सहा ठिकाणी चकत्या लावतात. तिच्या नवऱ्याने विचारले, "ताई, करंट देतात का?" करंट देत नाहीत. हृदय स्वतःच प्रत्येक ठोक्याला अगदी सूक्ष्म वीज निर्माण करते, ती फक्त कागदावर उतरते. ठोके नियमित आहेत का, एखाद्या कप्प्यावर ताण आहे का, झटका आला आहे का, हे त्यावरून कळते. पण हृदयाचा ईसीजी नीट आला म्हणजे झडपा किंवा रक्तवाहिन्या नीट आहेत, असे होत नाही.

दुसरी तपासणी टू-डी इको. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी जशी, तशीच ही हृदयाची. छातीवर गार जेल लावून यंत्राची मूठ फिरवतात. यात ध्वनिलहरी वापरतात, क्ष-किरण नसतात, त्यामुळे बाळाला धोका नाही. पडद्यावर झडप प्रत्यक्ष उघडताना-मिटताना दिसते. लाल आणि निळे रंगही दिसतात. ते शुद्ध आणि अशुद्ध रक्त नव्हे. यंत्राकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात, एवढेच. ही तपासणी अर्ध्या तासाच्या आत झाली. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच हृदयतपासणी होती. बारा वर्षांची असताना झाली असती तर, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

त्याच दवाखान्यात बाहेरच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. आयुष्यभर विडी ओढलेली. थोडे चालले की पोटऱ्या भरून येत, थांबले की उतरत. त्यांच्या दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे समजतात. ना सुई, ना चिरा. अशा पायांकडे दुर्लक्ष झाले तर जखमा भरत नाहीत आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेह किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

फुग्याने उघडलेले दार

डॉक्टरांनी आम्हाला दोन मार्ग सांगितले. एक, शस्त्रक्रिया करून झडप बदलणे. धातूची झडप टिकाऊ असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली भारतीय झडप १९९० पासून बसवली जात आहे. पण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी वारंवार करावी लागते. पाड्यावरून प्रयोगशाळा गाठायला एक दिवस मोडतो. शिवाय या गोळीचा गर्भावर परिणाम होऊ शकतो.

दुसरा मार्ग फुग्याचा. जपानच्या डॉ. कांजी इनोए यांनी १९८२ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटेसे छिद्र पाडून ती डावीकडे नेतात आणि झडपेच्या मधोमध फुगा काही क्षण फुगवतात. चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडावी लागत नाही. झडप फार कडक झालेली नसेल, फारशी गळत नसेल आणि कप्प्यात गुठळी नसेल, तरच हे करता येते. तिचे तिन्ही नीट होते.

अडले ते कागदावर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हा उपचार मोफत होतो, पण रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी रेशनकार्ड पाहिले तर सासरच्या कार्डावर तिचे नावच नव्हते. लग्नाला दोन वर्षे झाली तरी कोणी ते चढवले नव्हते. नवरा रात्रीच्या गाडीने निघाला, मिळेल त्या वाहनाने तिच्या माहेरी गेला आणि जुने कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर झाला. तोपर्यंत ती ऑक्सिजनवर बसून होती. मी बाहेर व्हरांड्यात बसून मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या त्या चार माणसांचा विचार करत होते, ज्यांनी छप्पर उसकटून आपल्या आजारी मित्राला प्रभूपुढे उतरवले. तिथे छप्पर आडवे आले होते. इथे रेशनकार्ड.

तिच्या पोटाभोवती शिशाचे आवरण गुंडाळून बाळाला क्ष-किरणांपासून जपले. ती पूर्ण जागी होती. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "०.८ ची १.७ झाली." त्या रात्री ती आडवी झोपली. सासू उशाशी बसून सकाळपर्यंत तिचा श्वास मोजत होती.

हिवाळ्यात तिने सुखरूप मुलीला जन्म दिला.

एकवीस दिवसांची वही

गोष्ट इथे संपत नाही. फुग्याने दार उघडले, पण आजाराची मुळे तशीच आहेत. पुन्हा घसा बिघडला, पुन्हा ताप आला, तर झडप आणखी बिघडेल. म्हणून तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे आहे, आणि तेही पुढची अनेक वर्षे. इंजेक्शन दुखते. त्याची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यावे लागते. औषध स्वस्त आहे, पण बसभाडे आणि बुडालेली मजुरी स्वस्त नाही.

आमच्या केंद्रात आता यासाठी एक वही आहे. तीत आज नऊ नावे आहेत, त्यांतली सहा मुले. मागच्या वर्षी एका मुलाचे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले. त्याचे चार डोस चुकले. परत आला तेव्हा पुन्हा सांधे सुजले होते आणि इकोमध्ये झडप आधीपेक्षा वाईट दिसली. त्याला कुठे पाठवले आहे हे आम्ही विचारून ठेवले नव्हते. आता स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येकाबरोबर मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत लिहिलेले कार्ड देतो आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन करतो.

काही जण मला विचारतात, "तुम्ही प्रार्थना करता, मग डॉक्टर कशाला?" प्रभूच्या शुभवर्तमानाचा एक लेखक लूक स्वतः वैद्य होता, एवढेच मी त्यांना सांगते. मी तिच्यासाठी दोन महिने प्रार्थना करत होते. उत्तर तिच्या सासूच्या तोंडून आले. मी तिचे आधी ऐकले असते तर बरे झाले असते.

आपल्याला विनंती

आपल्या शेजारच्या, कामाला येणाऱ्या किंवा वसतिगृहातल्या मुलाचा घसा तापासह दुखत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध मिळाले तरी हा पुढचा ताप टाळता येतो. सांधे एकामागून एक सुजत असतील तर इको करून घ्या. गरोदर बाईला आडवे पडल्यावर दम लागत असेल तर गोळ्यांवर थांबू नका. आणि घरात नवी सून आली असेल, तर तिचे नाव रेशनकार्डावर चढवा.

आपण पाठवलेल्या देणग्यांतून या वर्षी वहीतल्या नऊ जणांचे बसभाडे आणि वर्षातून एकदा इकोसाठीचा प्रवास आम्ही भागवतो. वसतिगृहातल्या सर्व मुलांची छाती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी प्रार्थना करा. एखादे डॉक्टर आपल्या मंडळीत असतील तर एक शनिवार आमच्यासाठी मागून घ्या.

ती मुलगी आता पाच महिन्यांची आहे. आई तिला पाठीशी बांधून दर तिसऱ्या आठवड्याला चढ उतरून येते. मध्ये थांबावे लागत नाही, असे ती सांगते.

ख्रिस्तसेवेत आपली,
केंद्रातील एक कार्यकर्ती