पाठवलेलं नोटिफिकेशन जातं कुठे?

नेहमीचा डेस्कटॉप जुन्या लॅपटॉपला झेपेनासा झाला, की पुष्कळजण आय-थ्री किंवा ओपनबॉक्ससारख्या हलक्या विंडो मॅनेजरकडे वळतात. यंत्र लगेच चपळ होतं. मग एके दिवशी बॅटरी संपते आणि लॅपटॉप काहीही न कळवता बंद पडतो. चॅटवर आलेल्या निरोपाची चौकटही पडद्यावर उमटत नाही. काहीतरी बिघडलं, असं वाटतं. खरं तर बहुतेक वेळा सूचना दाखवणारा कार्यक्रमच बसवलेला नसतो.

लिनक्सवर अ‍ॅप सहसा ही चौकट स्वतः काढत नाही. ते डी-बस या संदेशवाहिनीवर मजकूर सोडतं आणि 'ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स' हे नाव ज्या कार्यक्रमाने घेतलेलं असतं, तो चौकट दाखवतो. ग्नोममध्ये हे नाव ग्नोम शेल घेतं, केडीईत प्लाझ्मा. आय-थ्री फक्त खिडक्या मांडतं. हे नाव घेणं त्याच्या कामातच नाही. म्हणून डन्स्टसारखा छोटा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा कार्यक्रम, वेगळा बसवावा लागतो. वेलँडवर स्वे वापरणारे माको बसवतात. बॅटरीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण तिच्यावर लक्ष ठेवणाराही कोणी नसतो. त्यासाठी एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरसारखा कार्यक्रम सोबतीला लागतो.

तपास टर्मिनलपासून सुरू करावा. नोटिफाय-सेंड या आज्ञेपुढे दोन शब्द लिहून एंटर दाबावं. चौकट आली, तर वाट मोकळी आहे. दोष बहुधा त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शोधायचा. 'सर्व्हिस अननोन' अशी एरर आली, तर ते नाव घेणारा कोणीच नाही. आज्ञा बराच वेळ लटकून राहिली, तर डी-बसने एखादा कार्यक्रम चालू करायचा प्रयत्न केला आणि तो चालू झाला नाही, असा संशय घ्यावा.

आज्ञा निमूट संपते आणि चौकट मात्र दिसत नाही, हा प्रकार सर्वांत फसवा. कारण निरोप पोहोचलेला असतो, फक्त दाखवला जात नाही. डन्स्टला तात्पुरतं थांबवण्याची सोय आहे आणि पडदा लॉक करणाऱ्या अनेकांच्या स्क्रिप्ट ती वापरतात. स्क्रिप्ट मध्येच तुटली, तर डन्स्ट थांबलेलंच राहतं. डन्स्ट-सीटीएल या आज्ञेला 'इज-पॉज्ड' विचारलं की खरं-खोटं लगेच कळतं.

दोन डीमन बसवलेले असले, की गोंधळ वाढतो. डी-बसवरचं ते नाव एका वेळी एकाच कार्यक्रमाकडे असू शकतं. पूर्वी एक्सएफसीई किंवा माटे वापरून पाहिलेलं असेल, तर त्यांचा सूचना दाखवणारा कार्यक्रम मागे राहिलेला असू शकतो. कोणी चालू नसताना पहिला निरोप आला, की डी-बस त्यालाच उठवू शकतं. नंतर सुरू केलेलं डन्स्ट नाव आधीच घेतलेलं पाहून बाहेर पडतं, आणि वापरणारा मात्र डन्स्टची सेटिंग तासन्‌तास बदलत बसतो! बस-सीटीएलला यूजर-बसवर या नावाची स्थिती विचारली, तर मालक कोण हे नेमकं समजतं. नको असलेलं पॅकेज काढावं आणि डन्स्ट लॉगिनलाच सुरू करावं: आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्झेक'ची ओळ घालून, ओपनबॉक्समध्ये 'ऑटोस्टार्ट' फाइलमधून.

ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून पाठवलेल्या आठवणी हरवतात, त्याचं कारण वेगळं. क्रॉनला वापरणाऱ्याच्या सेशन-बसचा पत्ताच माहीत नसतो. स्क्रिप्टमध्ये डीबस-सेशन-बस-अ‍ॅड्रेस हे व्हेरिएबल स्वतः भरावं लागतं. सूडो लावून पाठवलेल्या निरोपाचंही असंच होतं, कारण रूटची बस निराळी.

ज्यांना मराठीत मजकूर येतो, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. चौकट आली, पण आत नुसते रिकामे डबे दिसले, तर देवनागरी फॉन्ट बसवलेला नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवावा. डन्स्ट अक्षरं पँगोकडून मांडून घेतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. डन्स्टच्या नमुना सेटिंगमध्ये अक्षराचा आकार ८ असतो. त्या आकारात रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येत नाहीत. तो ११ किंवा १२ करावा आणि डन्स्ट एकदा बंद करून चालू करावं.